श्वास जरा हळू घ्या

आंबीच्या एमआयडीसीत शेवटच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथं खताच्या गोण्या ठेवत. गेली सात-आठ वर्षं तिथून एक छोटं मराठी चॅनल चालतं. मावळात आणि पिंपरीच्या अलीकडच्या गावांत केबलवर दिसतं, तेवढंच. इर्शाद तांबोळी या चॅनलचा साऊंड इंजिनिअर. इंजिनिअर हा शब्द चॅनलवाल्यांनी त्याच्या ओळखपत्रावर छापला होता. शिक्षण म्हणाल तर आयटीआय, आणि त्याआधी कामशेतला वडिलांच्या मांडव-लाउडस्पीकरच्या धंद्यात गेलेलं अख्खं लहानपण.

खताच्या गोदामात स्टुडिओ करायचा म्हणजे काय, ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं. भिंतीपलीकडे प्रेस शॉप होतं. तिथला दणका दर चार सेकंदांनी जमिनीतून वर यायचा. दुपारी पत्रा तापला की टणटण वाजायचा. कबुतरं होती. पाऊस आला तर बोलायलाच नको. इर्शादनं एकेक आवाज हेरून बाहेर काढला. त्याच्या आईनं आणि बायकोनं, अमिनानं, जुन्या साड्यांच्या चौदा गोधड्या शिवून दिल्या, त्या त्यानं भिंतींना ठोकल्या. पत्र्याखाली थर्माकोल आणि काथ्याचं दुसरं छत घातलं. प्रेस शॉपच्या सुपरवायझरशी ओळख वाढवली आणि दुपारची चहाची सुट्टी रोज चार ते साडेचारच घ्यायची, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. चारला चॅनलचा गप्पांचा कार्यक्रम थेट जायचा.

राहिले दोन एसी. ते कुठल्या तरी बंद पडलेल्या हॉटेलातून आलेले होते. चालू असले की त्यांची घरघर माइकमध्ये शिरायची आणि माणसाच्या आवाजावर बसायची, दुधावर साय बसावी तशी. ती काही केल्या निघेना. शेवटी नियम झाला, लाल दिवा लागायच्या आधी एसी बंद. थंडीत, पावसाळ्यात कुणाचं काही अडत नसे. एप्रिल-मे मात्र कठीण जायचा. वरून दिव्यांची धग, दारं बंद, गोधड्यांच्या भिंती. निवेदिका अनघा जाहिराती लागल्या की रुमालानं चेहरा टिपून घ्यायची आणि काचेपलीकडे बसलेल्या इर्शादकडे बघून हात जोडायची. इर्शादच्या काचेच्या खोलीला वेगळा एसी होता. तिथं मशिनं असत, ती गरम होऊन चालणार नव्हती.

त्याच्या कामाचं कुणी कौतुक केलं असं फारसं घडलं नाही. आवाज नीट असला की लोकांच्या तो ध्यानातही येत नाही. पण कार्यक्रमांचं सगळं बघणारा कैलास एकदा म्हणाला होता की, इर्शादभाई, पुण्याच्या मोठ्या चॅनलपेक्षा आपला आवाज स्वच्छ आहे. ते वाक्य इर्शादनं घरी येऊन अमिनाला सांगितलं होतं, आणि आठवड्यानं परत एकदा सांगितलं होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी कुरवंड्याचे रखमाजी पडवळ कार्यक्रमाला आले. वय एकाहत्तर. नागफणीच्या सुळक्याखाली कुणी पडलं, धुक्यात कुणी चुकलं की चाळीस वर्षं रखमाजींना हाक जायची. दोर घेऊन उतरायचं आणि माणूस पाठीशी बांधून वर आणायचा. काही जिवंत आणले, काही तसे नाही. महिन्याभरावर पाऊस आला होता, पर्यटकांची गर्दी सुरू होणार होती, म्हणून कैलासनं त्यांना बोलावलं होतं. टीव्हीवर यायची त्यांची ही पहिलीच वेळ.

चॅनलची गाडी त्यांना लोणावळ्याहून घेऊन आली. बरोबर त्यांची बायको नंदाबाई होत्या. त्यांना ऐकू फार कमी यायचं. दोघंच घरी राहायचे, मुलगी तिकोणा पेठेला दिलेली. "हिला मागं ठिवली तर दार वाजलेलं कळत न्हाई," रखमाजींनी सांगितलं. नंदाबाईंना बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर खुर्ची दिली. इस्त्रीचा पांढरा सदरा, नवी टोपी अशा थाटात रखमाजी आत आले आणि दिव्यांच्या खाली जाऊन बसले.

इर्शाद माइक लावायला गेला. सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपाशी त्यानं चिमटा अडकवला, वायर आतून घेऊन कमरेला माइकची डबी लावली. सदरा पाठीला ओला झालेला त्याच्या हाताला लागला.

"मानसं चढवायची तर मी त्यांला असाच बांधतो," रखमाजी म्हणाले. "आज तुमी मला बांधा."

इर्शाद हसला. खोलीत येऊन त्यानं हेडफोन चढवला आणि आवाज बघायला सुरुवात केली. अनघाचा ठीक होता. रखमाजींच्या माइकवर काहीतरी येत होतं. बारीक, ओलसर, दर थोड्या वेळानं. त्याला आधी वाटलं सदरा घासतोय. तो आत गेला, चिमटा एक गुंडी खाली घेतला. परत येऊन ऐकलं. आवाज तसाच. मग वायर बघितली, डबी बदलली. चारला सहा मिनिटं होती. तिसऱ्यांदा डोळे मिटून त्यानं नीट कान दिला, तेव्हा त्याला कळलं की आवाज वायरचा नाही, म्हाताऱ्याच्या श्वासाचा आहे. श्वास आत जाताना शेवटी बुडबुड्यासारखं काहीतरी वाजत होतं आणि बाहेर येताना बारीक शिट्टी.

एसी बंद झाले होते. प्रेस शॉपही आज जरा आधीच थांबलं होतं. सगळीकडे त्याला हवी होती तशी शांतता होती, आणि तिच्यात तेवढा एकच आवाज.

तो परत आत गेला. त्याचं बोलणं नेहमीसारखंच अदबीचं होतं.

"आबा, श्वास जरा हळू घ्या. माइकमध्ये येतोय."

रखमाजी ओशाळले. "व्हय का? घेतो की," म्हणाले, आणि त्यांनी ओठ मिटून घेतले.

कार्यक्रम सुरू झाला. रखमाजी छान बोलले. कुठल्या घळीत दगड सुटे आहेत, धुकं आलं तर जागचं हलायचं कसं नाही, कोण कॉलेजची मुलगी दोन दिवस कारवीच्या झुडपाला धरून बसली होती आणि वर आल्यावर तिनं पहिल्यांदा काय मागितलं. अनघा प्रश्न विचारायची तेवढ्यात ते गप्प बसायचे, आणि त्या गप्प बसण्यात श्वास परत वाजायचा. आधीपेक्षा मोठा. इर्शादनं त्यावर दोन उपाय केले. एक म्हणजे त्या पट्टीतला आवाज मिक्सरवरून कापून टाकला. दुसरं म्हणजे रखमाजी बोलायचे थांबले की त्यांचा माइक बोटानं खाली आणायचा आणि ते तोंड उघडणार असं दिसलं की वर न्यायचा. हे हातचलाखीचं काम आहे, पहिलं अक्षर गिळलं जाता कामा नये. इर्शादचं एकही अक्षर गिळलं गेलं नाही. बाहेर जाणारा आवाज आरशासारखा होता.

सव्वाचारला जाहिराती लागल्या. अनघा माइकवरूनच बोलली की, इर्शाद, तीन मिनिटं एसी लावा ना, आबांना फार घाम येतोय.

इर्शाद म्हणाला की आता लावला तर लगेच बंद करता येत नाही, बंद करताना दणका बसतो, तो दुसऱ्या भागात जाईल. पंधरा मिनिटांचाच प्रश्न आहे. त्यानं पाण्याचा ग्लास आत पाठवला. काचेतून बघितलं तर रखमाजी टोपी काढून मांडीवर ठेवून बसले होते. पाणी घेऊन गेलेल्या ऑफिसातल्या पोरीला ते काहीतरी विचारत होते. इर्शादनं हेडफोन मानेवर उतरवला होता, त्यामुळे काय ते त्याला कळलं नाही.

दुसऱ्या भागात आठव्या मिनिटाला रखमाजी एका वाक्याच्या मध्येच थांबले. अनघानं वाट पाहिली. मग तिनं पुढे वाकून त्यांच्या हाताला हात लावला, आणि कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाली, "बंद करा."

तळेगावच्या दवाखान्यात नेईपर्यंत पाऊण तास गेला. गाडीत मागं इर्शाद आणि नंदाबाई होते, रखमाजींचं डोकं नंदाबाईंच्या मांडीवर. ते गाडीतच गेले, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. त्यांनी कैलासला आणि इर्शादला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय कमजोर झालं होतं, फुप्फुसात पाणी साठलं होतं, त्यात उकाडा. हे एका दिवसात होत नाही. "दोन-तीन दिवस तरी श्वासाला आवाज येत असणार. घरात कुणी ऐकला नाही?"

कैलासनं विचारलं की वेळेवर आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित.

नंदाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना ऐकू गेलं नव्हतं. तिकोणा पेठेहून त्यांची मुलगी सविता आली, तिनं डॉक्टरांशी बोलून ते आईच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं. हृदय, पाणी, श्वासाचा आवाज. नंदाबाईंनी मान हलवली. थोड्या वेळानं त्या कुणाकडेच न बघता बोलल्या, बहिऱ्या माणसाचं बोलणं असतं तसं जरा चढ्या आवाजात, त्यामुळे अख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेलं.

"माझ्या शेजारीच निजत व्हते. मला ऐकू आलं असतं तर कळलं असतं. माझ्या कानांनी घात केला."

इर्शाद चार पावलांवर उभा होता. तेव्हाच बोलायला हवं होतं, असं तो पुढे अमिनाला म्हणाला. पण तो जिना उतरून खाली गेला आणि गाडीपाशी उभा राहिला.

रखमाजींची ती वीस-बावीस मिनिटांची मुलाखत चॅनलनं शेवटचा भाग कापून इंटरनेटवर टाकली. ती खूप फिरली. लोकांनी खाली लिहिलं की असा माणूस होणे नाही. दोघा-तिघांनी हेही लिहिलं की आवाज काय सुंदर घेतलाय, समोर बसून बोलल्यासारखं वाटतं. कैलासनं ते इर्शादला वाचून दाखवलं, त्याला बरं वाटावं म्हणून. इर्शादनं बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

प्रत्येक माइकचा कच्चा आवाज स्टुडिओत वेगळा साठवला जायचा, काहीही न कापता. सहाव्या दिवशी इर्शादनं तो कार्डावर घेतला, घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून अमिनाला ऐकायला दिला. अमिनाला साऊंडमधलं काही कळत नाही. ती दवाखान्यात नर्स नाही की कुणी नाही. दोन मिनिटं ऐकून तिनं हेडफोन काढला.

"यांना दम लागलाय," ती म्हणाली. "तुला कळलं नाही?"

"कळलं," इर्शाद म्हणाला. "मी त्यांना म्हटलं, हळू घ्या."

अमिना ओट्याकडे वळली. भाकरीचं पीठ मळत राहिली. मग म्हणाली की त्या बाईला वाटतंय तिच्यामुळे झालं. हे तिला किती दिवस वाटू द्यायचं?

कैलासला त्यानं सांगितलं तेव्हा कैलासनं दार लावून घेतलं. त्यानं समजावलं की कुणी मुद्दाम केलेलं नाही, एसी बंद ठेवायचा नियम सगळ्यांचा होता, अनघाही समोरच बसली होती. तू जाऊन काही बोललास तर उद्या पोलीस, वकील, चॅनलचं नाव. आणि त्या कुटुंबाला त्यातून मिळणार काय? कैलास वाईट माणूस नव्हता. रखमाजींच्या दहाव्याला तो स्वतः जाऊन आला होता. इर्शादनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं की आजपासून कार्यक्रम चालू असताना एसी बंद होणार नाही. घरघर येईल. लोकांना चालत नसेल तर दुसरा माणूस बघा.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी तो कुरवंड्याला गेला. लोणावळ्याच्या स्टेशनबाहेरून जीपनं. पडवळांचं घर गावाच्या वरच्या अंगाला होतं, पुढे सारवलेलं अंगण. अंगणात चार-पाच शेजारणी बसल्या होत्या. सविता अजून माहेरीच होती. तिनं त्याला ओळखलं, पाणी दिलं, कांबळं अंथरलं. नंदाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. इर्शाद त्यांच्या समोर खाली बसला. येताना जीपमध्ये त्यानं वाक्यं जुळवली होती. ती त्यानं हळू आवाजात, खाली बघून सांगितली.

"काय म्हनला?" नंदाबाईंनी विचारलं.

त्यानं जरा मोठ्यानं सांगितलं. त्यांनी कानामागं हात धरला, मान हलवली. ऐकू गेलं नव्हतं. सविता मधे पडली, म्हणाली, दादा, मला सांगा, मी सांगते आईला. इर्शादला क्षणभर ते सोपं वाटलं. मग तो नको म्हणाला. तो पुढे सरकला आणि ओरडून बोलावं तसं बोलला. अंगणातल्या बायका बोलायच्या थांबल्या. पलीकडच्या घरातला एक माणूस दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, आबांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. माझ्या कानाला यंत्र होतं. मी त्यांना दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. मी त्यांना सांगितलं, श्वास हळू घ्या, आवाज येतोय. जाहिराती लागल्या तेव्हा गार हवा लावा म्हणून बाई म्हणाल्या होत्या. मी लावली नाही."

नंदाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"तुमी सांगितलं म्हनून त्यांनी दम दाबून धरला?"

"हो."

"धरनारच," त्या म्हणाल्या. "कुनी काय सांगितलं की तसंच करायचे."

मग त्यांनी विचारलं, कसा येत होता आवाज? इर्शादनं शेजारची पिशवी ओढली. त्याच्या पिशवीत कार्ड होतं, मशीन होतं, हेडफोन होता. सवितानं मागितलं तर रेकॉर्डिंग द्यावं म्हणून त्यानं ते आणलं होतं. त्यानं नंदाबाईंना विचारलं, ऐकणार का? सविता नको म्हणत होती. नंदाबाईंनी पदर मागं घेतला आणि डोकं पुढे केलं.

त्यानं हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला आणि आवाज जाईल तेवढा मोठा केला.

त्यांच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य आलं. सविता नंतर म्हणाली की सात-आठ वर्षांत आईनं आबांचा आवाज असा स्पष्ट ऐकलाच नव्हता. खुणांवर आणि ओठांवर संसार चालला होता. नंदाबाई मधेच हसल्या. त्या कॉलेजच्या मुलीची गोष्ट चालू असणार. मग त्या हसायच्या थांबल्या आणि दोन्ही तळहातांनी हेडफोन दाबून धरून, डोळे मिटून बसल्या. इर्शादनं त्यांना विचारलं नाही, थांबवलंही नाही. कोंबड्या अंगणात येऊन गेल्या. एक शेजारीण उठून घरी गेली आणि परत आली.

एका जागी नंदाबाईंनी डोळे उघडले आणि सविताकडे बघून म्हणाल्या, "माझं विचारत्यात. आमच्या हिला चहा दिला का म्हनत्यात."

जाहिरातींच्या वेळी ते काय विचारत होते ते इर्शादला तेव्हा कळलं. कच्चा आवाज त्यानंही पूर्ण ऐकला नव्हता. श्वास वाढायचा तिथंच तो दरवेळी थांबायचा.

नंदाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. सविता रडत होती. त्या रडल्या नाहीत. हेडफोन त्यांनी स्वतःच काढला आणि पदरानं पुसून त्याच्या हातात दिला.

"लय दम लागला व्हता त्यांला," त्या म्हणाल्या.

इर्शाद म्हणाला, मला माफ करा, असं म्हणायलाही मी आलेलो नाही. तुमच्या कानांमुळे काही झालं नाही, तेवढंच सांगायचं होतं. हेही त्याला ओरडूनच सांगावं लागलं.

त्यांनी ते ऐकलं. मग त्या हातातल्या जुन्या कड्याकडे बघत राहिल्या, जणू ते दुसऱ्या कुणाच्या हातात आहे.

"पंधरा दिस झाले, मला ऐकू येत न्हाई म्हनून मी सोताला खाते," त्या म्हणाल्या. "तुमाला तर येत व्हतं."

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. त्यांना ते समजून घ्यायचं होतं, आणि ते समजत नव्हतं, एवढंच. त्या उठल्या, आत गेल्या. आतून म्हणाल्या, "सवे, त्यांला जीपपोतर सोड. ऊन हाय."

सविता त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. डोक्यावर पदर घेऊन ती दोन पावलं पुढे चालत होती. दारातला माणूस त्यांच्याकडे बघत होता. जीप यायला वेळ होता. करवंदाच्या जाळीशेजारी एक बसकी भिंत आहे, तिच्या सावलीला दोघं उभी राहिली. इर्शादनं तिला सांगितलं की तुम्हाला चॅनलवर तक्रार करायची असेल तर मी जे इथं बोललो ते लिहून देईन. ती म्हणाली, करून काय? तिच्या मनात काहीतरी चाललं होतं. ती पायानं खडा इकडून तिकडे सरकवत होती.

"दादा, एक सांगू?" ती म्हणाली. "मी रोज संध्याकाळी आबांना फोन करायचे. बुधवारी पण केला. तेव्हा बोलताना धाप लागली होती त्यांना. दोन शब्द बोलायचे, थांबायचे. मी म्हटलं, कुठून आलात धावत? ते म्हणाले, वर रानात गेलतो. मी म्हटलं, बरं. उद्या टीव्हीवर बघते म्हटलं आणि फोन ठेवून दिला. घरात पाव्हणे होते. मला वाटलं होतं, दादा. मला तेव्हाच वाटलं होतं, आवाज बरोबर नाही."

इर्शादनं पिशवी खाली ठेवली.

"आईला मी हे सांगितलेलं नाही. ती पंधरा दिवस कानांना शिव्या देते, मी तिच्या शेजारी झोपते, आणि माझ्या तोंडातून निघत नाही. तुम्ही परके असून येऊन सांगितलंत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता तर सांगताच यायचं नाही. आता तिला वाटेल, सगळ्यांना ऐकू येत होतं."

खालून जीपचा आवाज आला. इर्शादला तिला काहीतरी म्हणायचं होतं. फोनवर असं कळत नाही, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तेच शब्द कैलासनं त्याला थोड्याफार फरकानं ऐकवले होते, आणि त्यांचा काही उपयोग झाला नव्हता.

"कुणाला बोलू नका," ती म्हणाली.

नाही बोलणार, असं तो म्हणाला. जीप भरलेली होती, मागं लटकून जावं लागलं.

पावसाळा लागल्यावर सविता आईला तिकोणा पेठेला घेऊन गेली, कुरवंड्याचं घर बंद केलं. अनघाचा सविताशी अधूनमधून फोन होतो, अनघाकडून इर्शादला एवढं कळतं. चॅनलवर आता कार्यक्रमात घरघर ऐकू येते. सुरुवातीला लोकांचे फोन आले, मग त्यांना सवय झाली. कैलासनं दुसरा माणूस आणला नाही. पाहुणा आला की इर्शाद माइक लावतो आणि दोन मिनिटं समोर बसून त्याच्याशी काहीबाही बोलतो; कुठून आलात, जेवलात का, बरं वाटतंय ना. काही जणांना ते नको असतं, त्यांना घाई असते.

कुरवंड्याहून आला त्या संध्याकाळी त्यानं अमिनाला सगळं सांगितलं. अंगण, शेजारणी, नंदाबाई काय म्हणाल्या ते, शब्द न् शब्द. अमिनानं विचारलं, आणि मुलगी? ती काही बोलली?

"नाही," तो म्हणाला. "जीपपर्यंत सोडायला आली होती."